भट्टीमागची भिंत

आमच्या कॉलनीच्या सांस्कृतिक भवनात एक संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर मंत्र्याचं नाव आहे, अध्यक्षांचं आहे, कार्यकारिणीतल्या सगळ्यांची आहेत आणि तळाशी, बारीक अक्षरांत, सचिव म्हणून माझं आहे. ज्या माणसामुळे त्या भवनाचं स्वयंपाकघर बघण्याजोगं झालं त्याचं नाव नाही. नाही तेच बरं. त्याच्या शेजारी आम्ही सगळेच फार बारीक अक्षरांतले दिसलो असतो.

मेश्राम रंगारी होते. रायपुरात पेंटर म्हटलं की लोकांना दुकानांच्या पाट्या रंगवणारा आठवतो, म्हणून त्यांची ओळख 'किचनवाले मेश्राम' अशी होती. बाकीचं घर ते रंगवत नसत असं नाही. पण बैठकीची खोली रंगवताना त्यांचा चेहरा नावडत्या सोयऱ्याकडे जेवायला बसल्यासारखा असे. त्यांचं मन स्वयंपाकघरात, त्यातही गॅसच्या मागच्या भिंतीवर. वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचं तेल, धूर आणि धूळ मिळून तिथे गुळाच्या काकवीसारखा चिकट थर बसतो. तो थर हा त्यांचा शत्रू होता, आणि शत्रूचा करावा तसा त्यांनी त्याचा अभ्यास केलेला होता. कॉलनीत सगळे त्यांना 'तो मेश्राम' म्हणत. मीही म्हणे. इथे 'ते' लिहितो आहे. ही सुधारणा उशिराची आहे.

घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं. वडील रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि इथलेच झाले. बौद्ध कुटुंब. घर आमच्या कॉलनीच्या मागे, नाल्यापलीकडच्या पाऱ्यात; इकडे वस्तीला पारा म्हणतात. आमच्या गच्चीवरून त्यांच्या घरावरचे पत्रे दिसत. त्या पत्र्यांखाली काय आहे हे आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं. आमची सगळ्यांची स्वयंपाकघरं मात्र त्यांनी पाहिलेली होती.

कामावर ते इस्त्रीच्या पांढऱ्या बुशशर्टात येत, खिशाला पेन. सायकल भिंतीला नीट टेकवून दाराआड कपडे बदलत, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच पांढऱ्या शर्टात बाहेर पडत. नखाला रंग नाही, कानाच्या पाळीवर थेंब नाही. एकदा कुणीतरी कौतुकानं म्हणालं की मेश्राम, तुम्ही पेंटर वाटतच नाही. ते म्हणाले, "तुम्ही पण तहसीलदार वाटत नाही साहेब, पण आहे न." तो माणूस तहसीलदार होता आणि आठवडाभर त्याला हे कळलं नाही की हे चांगलं म्हटलं की वाईट.

माझी त्यांची ओळख माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये झाली. मी तेव्हा वरिष्ठ लिपिक होतो, राज्य नुकतंच नवीन झालेलं होतं, आणि आमच्या कार्यालयात कुणाची बदली भोपाळला आणि कुणाची इकडे याखेरीज दुसरं बोलणं नव्हतं. मेश्राम स्वयंपाकघरात आले. भिंतीकडे बघायच्या आधी त्यांनी बोट गॅसच्या वर फिरवलं, अंगठ्याशी चोळलं आणि नाकाशी नेलं. मग म्हणाले की फल्लीतेल आहे, शेंगदाण्याचं, खाली डालडा आहे, पण तो जुना आहे, बंद झालेला आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या रक्तातल्या चरबीवरून डॉक्टरनं डालडा बंद करवला होता. हे बाहेरच्या माणसाला भिंतीवरून कळावं याचा मला जरा रागच आला. त्यावर त्यांनी माझ्या बायकोला, मंदाला, विचारलं, "ताई, तुम्ही डावखुऱ्या काय?" ती खरोखरच डावखुरी. हात पुसल्याचे डाग गॅसच्या डाव्या अंगाला होते, एवढंच.

मग त्यांनी आपली अट सांगितली. धुण्याचा सोडा टाकलेलं पाणी उकळतं लागेल, आणि ते याच गॅसवर, याच घरच्या पातेल्यात उकळलं जाईल. बाहेरून बादलीत आणलेलं चालणार नाही. भिंतीपर्यंत येईतो ते कोमट होतं आणि कोमट पाण्याला तेल दाद देत नाही. कारण अगदी शास्त्रशुद्ध होतं. माझी आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, पाणी मी मागच्या चुलीवर तापवून देते, तुम्ही अंगणात थांबा.  मेश्रामनी घासायचा काथ्याचा ब्रश खाली ठेवला आणि भिंतीला पाठ न लावता उभे राहिले. मी बैठकीत पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर डोळ्यांसमोर होता. शेवटी मंदानं मोठं पातेलं नळाखाली धरलं, गॅसवर चढवलं आणि काडी त्यांच्या हातात दिली.

पुढचे चार दिवस मी त्यांचं काम पाहिलं. पहिल्या दिवशी नुसतं धुणं. पत्रीनं, पातळ लोखंडी पट्टीनं, थर खरवडून काढायचा, मग सोड्याचं पाणी, मग ब्रश, मग स्वच्छ पाण्यानं दोनदा धुवायचं. कारण सोडा भिंतीत राहिला तर तोही रंगाला खातो. दुसरा दिवस सुकण्याचा. त्या दिवशी ते फक्त येऊन भिंतीवर पाण्याचे चार शिंतोडे उडवत आणि बघत. थेंब मोत्यासारखा टपोरा राहिला तर तेल आहे, पसरला तर गेलं. टपोरा राहिला की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी, धुऊनही जे पिवळे डाग आत मुरून बसतात त्यांच्यावर चपड्याचा हात. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. ते गोल बाजारातल्या एका ठरावीक दुकानातून आणून स्पिरिटमध्ये विरघळवत. त्यांचं म्हणणं असं, की नुसत्या रंगाखाली तेल मरत नाही, झोपतं. चपडा त्याच्यावर झाकण घालतो. मग प्रायमर, मग ऑइल पेंट.

काम झाल्यावर आईनं ते पातेलं राखेनं घासून माळ्यावर टाकलं. मंदानं दुसऱ्या दिवशी ते खाली काढून त्यात वरण शिजवलं. घरात यावर एक शब्दही झाला नाही. मी तर वरण दोनदा घेतलं आणि स्वतःला पुरोगामी समजलो.

नंतर हळूहळू मला कळलं की ती अट ते प्रत्येक घरी घालत. पाणी याच गॅसवर. काही घरांनी त्यांना तिथूनच परत पाठवलं होतं. त्या घरांच्या भिंती त्यांनी कधी रंगवल्या नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं की कोमट पाण्याचं कारण खरं की काय. ते म्हणाले की खरं आहे. मग म्हणाले की खोटं कारण द्यायला मी काय कमिटीत आहे.

राग हा त्यांचा स्थायीभाव होता. आरडाओरडा नाही. राग आला की आवाज खाली जाई आणि पत्री जोरात चाले. तेलावर रंग मारणाऱ्या रंगाऱ्यांसाठी त्यांच्याकडे एकच शब्दप्रयोग होता: बिना आंघोळीची पावडर. हाच शब्दप्रयोग पुढे त्यांनी नव्या राज्यालाही लावला, आणि मी सरकारी नोकर असूनही मला तो खोडता आला नाही. तेव्हा शहरात खरोखर पावडरच चालली होती. रातोरात कार्यालयं हवी होती, बंगले हवे होते. भनपुरीच्या गोदामांतून डिस्टेंपरचे डबे ट्रक भरभरून निघत, आणि जुन्या इमारतींच्या कपाळावर नव्या खात्यांच्या पाट्या चढत.

त्या धांदलीत एका ठेकेदारानं मेश्रामना तेलीबांध्याकडच्या एका बंगल्यावर नेलं. भोपाळहून मोठे साहेब यायचे होते. बंगला जुना, स्वयंपाकघर त्याहून जुनं. ठेकेदार म्हणाला की दोन दिवस आहेत, दोन हात मारून दे. मेश्रामनी भिंतीवर पाणी उडवलं, थेंब बघितले आणि सायकलला बादली अडकवून घरी आले. दुसऱ्या कुणीतरी दोन हात मारले. साहेब आले, सत्यनारायण झाला, फोटो निघाले. पावसाळा अर्धा झाला नाही तोच स्वयंपाकघराच्या भिंतीवर रंगाचे फुगे आले, आणि फुग्यांखालून जुन्या बिऱ्हाडांची फोडणी बाहेर पडली. ठेकेदारानं बिनदिक्कत मेश्रामांचं नाव पुढे केलं.

ते बोलावल्याबरोबर गेले. साहेबांनी इंग्रजीमिश्रित हिंदीत बरंच ऐकवलं. मेश्रामांनी ऐकून घेतलं आणि पत्रीनं भिंतीचा एक तुकडा उचलून त्यांच्या टेबलावर ठेवला. वरून पांढरा, खालून काळा. म्हणाले की ज्यानं आंघोळ घातली नाही त्याला विचारा. पाच दिवस साहेबांच्या घरी बाहेरून डबा आला. मेश्रामनी भिंत मुळापासून धुतली. सोड्याचं पाणी साहेबांच्या गॅसवर उकळलं, याची चौकशी मी करून घेतली आहे. त्या साहेबांच्या बाईसाहेब पुढे बदली होईपर्यंत दिवाळीला मेश्रामांच्या घरी फराळ पाठवत. त्या तमिळ होत्या. आमच्या मराठी कॉलनीतून कुणी पाठवल्याचं मला आठवत नाही.

आता भवनाकडे यायला हवं. इतका वेळ मी ते टाळत होतो.

आमच्या सांस्कृतिक भवनाच्या स्वयंपाकघरात दरवर्षी गणपतीचा महाप्रसाद शिजतो. मोठ्या भट्टीमागची भिंत तेव्हा काळी नव्हती, चकचकीत काळी होती. तीत तोंड दिसे. अध्यक्ष सोनटक्केसाहेब, निवृत्त कार्यकारी अभियंता. दारावरच्या पाटीत 'निवृत्त' हा शब्द पाव इंचाचा आणि बाकी हुद्दा तीन इंचांचा. नव्या राज्यात एखाद्या मंडळावर आपली वर्णी लागेल अशी त्यांना आशा होती, आणि तेवढ्यासाठी भवनाचं नूतनीकरण करून मंत्र्याच्या हस्ते उद्घाटन करायचं ठरलं. स्वयंपाकघरासाठी मेश्रामना बोलावलं. त्यांनी आठ दिवस मागितले, पाणी इथल्याच भट्टीवर उकळेल म्हणाले, आणि मग एक गोष्ट विचारली. मोठ्या मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न ठरलं होतं. मुलगी नर्स, मुलगा भिलाईला कारखान्यात. पाऱ्यात मोकळी जागा नाही, नाल्याचा वास. तर भवन मिळेल का? हॉल आणि स्वयंपाकघर, दोन्ही, एका दिवसासाठी.

सोनटक्के म्हणाले, अरे, तुमची मुलगी ती आमची मुलगी, यात विचारायचं काय. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. माझी मान चांगली हलली होती, आठवतं मला.

त्या आठ दिवसांत मी मेश्रामना जसं पाहिलं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. ते गुणगुणत होते वगैरे काही नाही. त्यांना गुणगुणणं जमत नसे. पण भट्टीमागची भिंत त्यांनी एकदा नव्हे, तीनदा धुतली. शिंतोडा एकदाही टपोरा राहिला नाही तरी पुन्हा धुतली. एका दुपारी प्रज्ञा ड्यूटीवरून येता येता आत डोकावली, तर तिला उभं करून भात कुठे निथळेल, पुऱ्या कुठे तळल्या जातील, वाढपी कोणत्या दारानं निघतील हे सगळं दाखवलं. ती हिंदीत म्हणाली की बाबा, मेरी शादी है या किचन की? मेश्राम म्हणाले, "दोघींची."

भट्टीच्या मागे त्यांनी चपड्याचा एक हात जास्त दिला. मी विचारलं काहून. ते म्हणाले, "पुरीचं तेल लय उडते बाबू. पोट्टीच्या लग्नाचं तेल आहे, उडलं पाहिजे. पण पुसून निघालं पण पाहिजे."

शेवटचा हात राहिला होता तेव्हा कार्यकारिणीची बैठक झाली. कुणी आधी विषय काढला हे आता कुणीच कबूल करत नाही. स्वयंपाकघर बाहेरच्यांना द्यायचं का, असा प्रश्न आला. कुणीतरी मांसाहाराची शंका घेतली. पुरी-भाजी, वरण-भात आणि बुंदी आहे असं मी सांगितलं. मग दुसऱ्यानं 'बायकांची नाराजी' असा शब्द वापरला. कोणत्या बायका ते विचारलं नाही. मंदाला तर कुणी विचारलेलंच नव्हतं. मग सोनटक्क्यांना मार्ग सापडला. अभियंत्याला शोभेल असा तांत्रिक मार्ग. रंग नवीन आहे. लग्नाच्या स्वयंपाकात तेल उडणार. मंत्री यायच्या आधी भिंत खराब होणार. लग्न उद्घाटनाच्या नंतर होतं, हे मी म्हणालो. तेव्हा ते म्हणाले की पाठक, प्रश्न एका दिवसाचा नाही, धोरणाचा आहे.

मी मराठी बरं लिहितो असा माझ्याबद्दल समज आहे. म्हणून ठराव मी लिहिला. 'नूतनीकृत पाकगृहाचे सौंदर्य व आरोग्य अबाधित राहावे या हेतूने, संस्थेच्या सभासदांव्यतिरिक्त इतरांच्या समारंभांचा स्वयंपाक भवनाच्या आवाराबाहेर करण्यात यावा.' वाक्य नीट उतरलं होतं. एका सभासदानं शब्दरचनेचं कौतुक केलं.

मेश्रामना आत बोलावलं. बाजूची खुर्ची रिकामी होती. बस कुणी म्हणालं नाही, ते बसले नाहीत. सोनटक्क्यांनी त्यांना सांगितलं की हॉल घ्या, खुर्च्या घ्या, माइकसुद्धा घ्या. स्वयंपाक तेवढा बाहेर. नवीन रंग आहे.

मेश्रामांचा आवाज खाली गेला. "रंग मीच लावला न साहेब. तेल उडन तर मीच धुईन. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी येतो, धुऊन देतो."

"वो बात नहीं है मेश्रामजी. नियम सबके लिए है." सोनटक्के अडचणीत आले की हिंदीत जात.

"सगळ्यांसाठी आहे तर गणपतीचं जेवण पण बाहेर करा. त्याचं तेल उडत नाही काय? पंधरा वर्षांचं तेल मी आठ दिवसांत काढलं. ते काय माझ्या घरचं होतं?"

"वो प्रसाद है."

  मग मेश्रामनी माझ्याकडे पाहिलं. "पाठक बाबू, तुम्ही लिहून राहिले न. तर हे पण लिहा. मी काय विचारलं ते, आणि साहेबांनी काय सांगितलं ते."

माझ्यासमोर वही उघडी होती. हातात पेन होतं. मी लिहिलं नाही. कार्यवृत्तात ठराव आहे, सूचक-अनुमोदकांची नावं आहेत, 'सर्वानुमते संमत' आहे, आणि अध्यक्षांनी चहा दिल्याबद्दल आभार आहेत. मेश्रामांचा प्रश्न नाही. आयुष्यात मी फाइलींत पुष्कळ खोटं लिहिलं आहे, ते पगाराचं होतं. हे मी फुकट केलं.

मला वाटलं होतं ते आता येणार नाहीत. शेवटचा हात राहिलेला, मंत्री तीन दिवसांवर. आले नसते तर आमची चांगली जिरली असती, आणि खरं सांगायचं तर मी मनातून त्याची वाट बघत होतो. दुसऱ्यानं परस्पर आमचं वाईट करावं आणि आपण निर्मळ राहावं, ही माझी जुनी पद्धत आहे. पण सकाळी आठला पांढरा शर्ट दारात. दाराआड कपडे बदलले, ब्रश भिजवला, आणि भट्टीमागच्या भिंतीला वरपासून सुरुवात केली. मी जवळ गेलो आणि चिडून म्हणालो की हे कशाला करता आता. त्यांनी ब्रश थांबवला नाही.

"भिंतीनं काय केलं?" ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "हॉल पण नको मले. सांगून द्या."

उद्घाटनाला मंत्री दोन तास उशिरा आले. फीत कापली, नव्या राज्यात शेवटच्या माणसापर्यंत विकास पोचवण्याबद्दल बोलले, आणि स्वयंपाकघर न बघता गेले. कार्यक्रमात कारागिरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. ती कल्पना सोनटक्क्यांची, आणि ती त्यांना ठरावाच्या आदल्या दिवशी सुचली होती की नंतरच्या, हे मला अजून कळलेलं नाही. माइकवरून श्रीयुत हरिदासजी मेश्राम अशी तीनदा हाक झाली. त्यांचं पूर्ण नाव त्या दिवशी पहिल्यांदा भवनात घेतलं गेलं. कुणी उठलं नाही. शाल शेवटी मंडपवाल्याच्या खांद्यावर गेली. त्यानं ती आनंदानं घेतली, कारण मंडपाचे दोर सुटत होते आणि टाळ्यांच्या नादात ते कुणाला दिसलं नाही.

लग्नाच्या पत्रिका मेश्रामनी स्वतः आणून दिल्या. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाच्या घरी, प्रत्येकाचं नाव घालून, सहकुटुंब सहपरिवार. सोनटक्क्यांनाही. लग्न पाऱ्यातच, गल्लीत मांडव घालून. नाल्यावर त्यांनी चुना टाकून घेतला होता. दोन्ही बाजूंच्या घरांच्या बाहेरच्या भिंती स्वच्छ रंगवलेल्या, सगळ्या एका रंगाच्या. लोकांनी सांगितलं की ते महिनाभर कामावरून आल्यावर रोज एक भिंत करत होते.

आम्ही सात जण गेलो. पाकिटं दिली, वधूवरांना आशीर्वाद दिले, आणि मांडवाच्या तोंडाशी घोळक्यानं उभे राहिलो. जेवायला चला म्हणून मुलीचा मामा हात जोडून आला. आमच्यातल्या एकाचा उपास निघाला, एकाला मधुमेह, एकाला रायपूरच्या दुसऱ्या टोकाला अजून एक लग्न. मग एकजण म्हणाला, काही नको, कोल्ड्रिंक चालेल. बाटल्या आल्या. सीलबंद बाटली ही आमच्या समाजाची फार मोठी सोय आहे. झाकण तिथेच उघडतं, कुणाचा हात लागत नाही आणि नाही म्हटल्याचं पापही लागत नाही. माझ्या हातातही एक होती. मी स्ट्रॉ तोंडात घेतला होता.

मंदा कधीच पुढे जाऊन बायकांच्या पंगतीत बसली होती. डाव्या हातानं पानावरचं मीठ सारखं करत तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चारचौघांत, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, ती बाटली ठेवा अन् बसा इकडे. पुऱ्या गार होतील."

मेश्राम तिथेच बुंदीचं पातेलं घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी बाटली खाली ठेवून बसलो. त्यांनी मला इतरांइतकीच बुंदी वाढली, एक कण जास्त नाही. तो माणूस सत्कार करत नसे, कुणाचाच.

पुढचा गणपती आला. महाप्रसाद आमच्या नव्या स्वयंपाकघरात शिजला, आणि प्रसादाचं तेल इतर तेलासारखंच उडालं. भट्टीमागच्या भिंतीवर ओघळ. सोनटक्के म्हणाले, मेश्रामला बोलवा. मी गेलो. त्यांचं घर मी त्या दिवशी पहिल्यांदा आतून पाहिलं. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठराव आहे न अजून?"

मी म्हणालो, आहे.

"मग माझं आत काय काम? आवाराबाहेर म्हणते न तुमचा ठराव. मी दारापर्यंत येतो. धुणं तुम्ही करा."

पुढच्या बैठकीत मी ठराव रद्द करायची सूचना मांडली. अनुमोदनाला हात वर आला नाही. हे मी कार्यवृत्तात लिहिलं, एवढं मात्र केलं, आणि त्यानंतर सचिवपदही सोडलं. त्यात शौर्य काही नाही. ते पद घ्यायला चार जण टपलेले होते. मेश्राम पुढे प्रज्ञाकडे भिलाईला राहायला गेले, आणि मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

मला ते दिसतात ते त्या बैठकीच्या आधीच्या रविवारी सकाळी. भवनाच्या स्वयंपाकघरात मंदा आणि मी दोघंच. सोनटक्के सोडले तर कार्यकारिणीतले बाकीचे सगळे त्या रविवारी नेमके बाहेरगावी. भट्टीवर पाणी उकळतं आहे. मेश्राम दाराबाहेर, पायरीवर, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हात मागे बांधून. मी वरून घासायला लागलो तर म्हणाले, खालून वर घासा, नाहीतर घाणीचे ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतात आणि ते मग निघत नाहीत. धुताना वरून खाली. माझ्या बोटांची सालं निघत होती. सोनटक्के मधेच फिरत फिरत आले, म्हणाले, अरे मेश्रामजी, बाहेर का उभे, आत या ना, परके आहात का. मेश्राम म्हणाले, ठराव काढा, येतो. सोनटक्के हसले, घड्याळ बघितलं आणि गेले.

बारा वाजत आले तेव्हा भिंत झाली, असं मला वाटलं. मी मागे सरकलो. मेश्राम मान वाकडी करून बघत होते. त्यांना काहीतरी दिसलं, कारण त्यांचा हात आपोआप पाठीमागून सुटून पुढे आला, बोटं पत्री धरल्यासारखी झाली, आणि उजवा पाय उंबरठ्यावर चढला. तिथे थांबला. त्यांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं, मग तो उचलून परत पायरीवर घेतला, हात मागे बांधले, आणि हनुवटीनं दाखवलं.

"तिथं. पाइपाच्या मागं. राहिलं."